तंबू, बोलेरो आणि विदर्भातली चार राष्ट्रीय उद्यानं

महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा, त्यातली चार आपल्या विदर्भात. ताडोबा, नवेगाव, पेंच आणि मेळघाटातलं गुगामल. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यातल्या गावात मात्र ही चारही पाहिलेला माणूस सापडत नाही, कारण सगळ्यांच्या डोक्यात एकच बसलेलं की ते रिसॉर्टवाल्यांचं काम आहे, एका रात्रीचे आठ-दहा हजार मोजणाऱ्यांचं. यंदा जानेवारीत आम्ही घरची जुनी बोलेरो, ऑनलाइन मागवलेले दोन तंबू, ताडपत्री, छोटा सिलिंडर अन् स्वयंपाकाची भांडी घेऊन ही चारही फिरून आलो. आम्ही म्हणजे मी, आमचे हे, अमरावतीला बीएस्सी करणारी लेक, आळीपाळीने गाडी चालवायला पुतण्या आणि बहात्तर वर्षांचे मामाजी म्हणजे माझे सासरे. निघायच्या आधी मला जी माहिती पाहिजे होती ती एका जागी कुठेच भेटली नाही, म्हणून तारखेवार सगळं लिहून ठेवते.

आधी सगळ्यात मोठी गोष्ट. राष्ट्रीय उद्यानात आपला तंबू लावता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्याप्रमाणे आत पाय ठेवायलाच परवानगी लागते आणि आत जाळ पेटवायला बंदी आहे. मग कॅम्पिंग करायचं कुठे? हा प्रश्न सोडवण्यातच आमचा डिसेंबर गेला. लेकीने चारही ठिकाणच्या वनविभागाच्या ऑफिसला ईमेल केले, मी साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहून स्पीड पोस्टाने पाठवले. अर्जात माणसं किती, गाडीचा नंबर, कोणत्या तारखा आणि तंबू कुठे लावता येईल एवढंच विचारलं. पंधरा-वीस दिवस काहीच नाही, मग एकेक फोन यायला लागले. उत्तर सगळ्यांचं जवळपास सारखंच होतं, की वनजमिनीवर नाही, तलावाच्या काठावर नाही, पण बफरमधल्या, म्हणजे मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावात कोणाच्या घरच्या अंगणात लावणार असाल, घरमालक तयार असेल, आधारची झेरॉक्स त्याच्याजवळ दिली असेल आणि तिथल्या वनरक्षकाला कल्पना दिली असेल तर हरकत नाही. एक साहेब फोनवर म्हणाले, "ताई, कुंपण पाहून लावा, उघड्यावर बिलकुल नको." हे वाक्य आम्ही पूर्ण प्रवासात धरून चाललो.

अंगण शोधायची पद्धतही सांगते. जंगलाच्या काठावरच्या गावात वनविभागाची इको डेव्हलपमेंट कमिटी असते, ईडीसी म्हणतात सगळे. ग्रामपंचायतीत फोन करून तिथल्या कोणाचा तरी नंबर घ्यायचा, ते आपल्याला होमस्टेवाल्याचा किंवा मोठं अंगण असलेल्या शेतकऱ्याचा नंबर देतात. माझा एकच आग्रह होता की संडास-बाथरूम पक्कं पाहिजे अन् अंगणाच्या आत पाहिजे. बाया माणसांनी हे फोनवरच विचारून घ्यावं, लाजू नये. रात्री जंगलाच्या काठाला बाहेर जायची वेळ येणं ही गैरसोय नाही, जिवाचा धोका आहे.

सफारीचं बुकिंग लेकीने वनविभागाच्या वेबसाइटवरून केलं. जिप्सी म्हणजे सफारीची उघडी गाडी, तिच्यात सहा जण बसतात, प्रत्येकाचं नाव अन् ओळखपत्राचा नंबर तेव्हाच टाकावा लागतो आणि गेटवर तेच ओळखपत्र ओरिजनल दाखवावं लागतं. मामाजींच्या आधारवर अन् मतदान कार्डावर नावाची स्पेलिंग वेगळी होती, म्हणून जे टाकलं तेच सोबत घेतलं. ताडोबा मंगळवारी बंद असतं, शनिवार-रविवारी अन् सुट्टीच्या दिवशी जास्त पैसे पडतात, त्यामुळे तारखा त्या हिशोबाने बसवल्या. एका बुकिंगला खात्यातून पैसे कटले अन् तिकीट निघालंच नाही. पोरगी रडकुंडीला आली होती. ट्रान्झॅक्शन नंबर आणि स्क्रीनशॉट लावून मेल केला, पंधरवड्याने पैसे परत आले. म्हणून सांगते, स्क्रीनशॉट काढल्याशिवाय पेमेंटच्या पानावरून हलायचं नाही.

जानेवारी निवडला कारण तोवर कापसाचा तिसरा वेचा होऊन जातो, तूर घरात येते अन् राहतो फक्त हरभरा. हरभऱ्याची जागल, म्हणजे रात्रीची राखण, जाऊबाईंच्या घरच्यांनी घेतली, नाही तर रानडुकरं एका रात्रीत वाफे उलटे करतात. त्यांनी ती जबाबदारी घेतली नसती तर आम्ही निघूच शकलो नसतो.

२० जानेवारी, मंगळवार. सकाळी सातला निघालो, हिंगणघाट, वरोरा, भद्रावती करत दुपारी ताडोबाच्या काठावरच्या मोहर्लीत. ज्यांच्याकडे उतरलो त्यांचं अंगण चांगलं ऐसपैस, तिन्ही बाजूंनी भिंत अन् समोर लोखंडी गेट, एका तंबूचे रात्रीचे पाचशे, त्यात सकाळी आंघोळीला गरम पाणी. आधी ताडपत्री, त्यावर गोदडी, मग तंबू, मग आत परत गोदडी असं केलं की खालून थंडी येत नाही, नुसत्या तंबूच्या कापडावर झोपाल तर पाठ गारठते. पुतण्याला वाटत होतं की इरई धरणाच्या पाण्याजवळ एक रात्र काढता आली असती तर किती छान. घरच्या काकू तिथेच बसून वांगी चिरून राहिल्या होत्या, त्या म्हणाल्या, "बापू, पाण्यावर तोही येते न रात्री." मग त्यांनी सांगितलं की शेजारच्या वस्तीतली गाय मागच्या महिन्यात वाघानं मारली, वनविभागाने पंचनामा केला, भरपाईचा अर्ज गेलाय. त्यांच्या बोलण्यात वाघाचा राग नव्हता पण कौतुकही नव्हतं. पोरं शाळेतून एकत्र येतात, शेतातून दिवस मावळायच्या आत परततात, सरपणाला एकटी बाई जात नाही, हे सगळं त्यांनी रोजची कामं सांगावी तसं सांगितलं. हे ऐकल्यावर मला सफारीकडे पाहायची नजरच वेगळी भेटली. आपण चार तास जिप्सीत बसून जे पाहून येतो त्याच्या शेजारी ही माणसं बारा महिने राहतात.

२१ तारखेला पहाटे सहाला गेटवर. थंडी अशी की उघड्या जिप्सीत नाकाडोळ्यातून पाणी, दोन-दोन स्वेटर अन् वरून चादर असूनही. मोबाइल आत न्यायला बंदी, ते जमा करावे लागतात, साधा कॅमेरा चालतो. आमच्या वाट्याला गाइड म्हणून गावातलीच एक ताई आली, तिशीतली, खाकी ड्रेस. मला इतकं बरं वाटलं! तिने सांगितलं की ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं पहिलं, ते ११६ चौरस किलोमीटरच्या थोडं वर, अन् अंधारी अभयारण्य धरून व्याघ्र प्रकल्प १९९५ चा. रस्त्याच्या कडेला जुने दगडी खांब दिसतात, गोंड राजांच्या काळातले, त्याला दोर बांधून निरोप पोचवायचे असं सांगतात. ताडोबा तलावापाशी तारू देवाचं ठाणं आहे, वाघाशी झुंजताना गेलेला तो गोंड गावप्रमुख, त्याच्याच नावावरून ताडोबा. पूर्वी पौषात तिथे जत्रा भरायची हे मामाजींनीही ऐकलेलं होतं.

मामाजी तरुणपणी मूल गावाकडच्या जंगलात बांबू तोडायला जात, त्यामुळे त्यांना झाडं पाठ. ऐन, धावडा, बिजा, तेंदू, मोह, एकेक नाव ते गाइड ताईच्या आधी घेत होते आणि ताई प्रत्येक वेळी "बरोबर आजोबा" म्हणे. तलावावर मगर ऊन खात पडलेली. मग एका वळणावर सांबराचा आवाज आला, ताईने हात वर करून गाडी थांबवली, बरंच थांबलो, आणि बांबूच्या आडून एक वाघीण रस्ता ओलांडून गेली. पाठीचे पट्टे अन् शेपूट, मिनिटभर फार तर. समोर सात-आठ गाड्या होत्या, काही पुढे घुसल्या, आमची ताई ड्रायव्हरला म्हणाली, "मागंच राहू दे दादा, तिचा रस्ता आहे." तिच्या त्या एका वाक्यासाठी मी तिला मनापासून मानते. लोक ड्रायव्हरला पुढे घे पुढे घे म्हणून पैसे दाखवतात, तसं कृपा करून करू नका. एन्ट्री, जिप्सी, गाइड मिळून आम्हाला नऊ हजाराच्या आत पडलं. सगळ्या प्रवासातला सर्वात मोठा खर्च हाच.

२२ ला चंद्रपूर, मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा, अर्जुनी मोरगाव करत नवेगावबांध. दिवसभराचा रस्ता आहे, पण काळ्या मातीतल्या माणसाने तो एकदा तरी बघावाच, कारण मूलपासून पुढे कापूस संपतो अन् धानाच्या बांध्या (भाताची शेतं) सुरू होतात, दर गावाला एक तलाव. यांना मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोहळी लोकांनी दोन-तीनशे वर्षांमागे बांधलेले. वडशाजवळ वैनगंगेच्या पुलावर आमच्या ह्यांनी गाडी बाजूला घेऊन पाणी बघितलं, आमच्याकडे विहीर एप्रिलात तळ गाठते, जानेवारीत एवढं पाणी वाहताना पाहून शेतकरी माणसाला काय वाटत असेल ते लिहिता येत नाही.

नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं तिथे सगळे सांगतात. भोवतालच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. इथे एका धानवाल्या शेतकऱ्याच्या घराला लागून असलेल्या खळ्यात तंबू लावले, पक्कं तारेचं कुंपण, बल्ब रात्रभर चालू, कारण तिकडे बिबट्या फिरतो. त्यांनी पैसे घ्यायला नाहीच म्हटलं. मग आम्ही घरून नेलेली तुरीची डाळ अन् गूळ दिला, त्यांनी आम्हाला तांदूळ अन् लाखोळीची भाजी. घरच्या मामी म्हणाल्या, "तुमच्याकडं भात रोज नाही करत? मग पोट कसं भरते?" अन् आमचे मामाजी भाकरीशिवाय जेवत नाहीत, त्यामुळे दोन्ही घरच्या बाया एका चुलीवर भात अन् भाकर दोन्ही करत बसलो.

नवेगाव १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, नागझिरा अभयारण्यासोबत व्याघ्र प्रकल्प झाला तो २०१३ च्या डिसेंबरात. ताडोबासारखी गर्दी नाही, खर्चही निम्म्याहून कमी, २३ ला सकाळच्या फेरीत आमच्याशिवाय एकच जिप्सी होती. वाघ दिसला नाही. रानगव्यांचा कळप दिसला, चितळं, एक अस्वल पाठमोरं. पण माझं मन लागलं ते तलावाच्या पाळीवर. २४ ला सकाळी तिथेच बसून राहिलो, ढिवर लोक डोंगे घेऊन जाळी टाकत होते, पलीकडे बदकांचे थवे, लेक पक्ष्यांचं पुस्तक घेऊन एकेक नाव शोधत होती. एका म्हाताऱ्या ढिवरदादांनी सांगितलं की दिवाळीनंतर पाखरं येतात अन् शिमग्याला जातात. सारस पक्षी बघायचा फार जीव होता, महाराष्ट्रात तो याच भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात उरलाय, पण आम्हाला नाही भेटला. कोणी इकडे जाणार असेल तर नवेगावला एक रात्र जास्त ठेवा.

२५ ला साकोली, भंडारा, रामटेक करत पेंच, सिल्लारीच्या बाजूला. २४ ते २६ लाँग वीकेंड, सफारीचे दर वाढलेले, म्हणून पेंचमध्ये जिप्सी घ्यायचीच नाही हे आधीच ठरवलं होतं. चारही ठिकाणी सफारी केलीच पाहिजे असं काही नसतं, बजेट सांभाळायचं तर एक सोडा. आम्ही पेंचला आलो ते आकाशासाठी. २०२४ च्या जानेवारीत पेंच भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, जाहीर झालं. तिथे आकाश बघायला दुर्बीण लावलेला मनोरा आहे अन् वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून उजेड फक्त खाली पडेल असे केलेत. गावाने अंधार जपायचा ठरवला ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

२६ ला सकाळी तिथल्या जिल्हा परिषद शाळेत झेंडावंदनाला गेलो. कोणी ओळखीचं नाही तरी सरांनी मामाजींना खुर्ची दिली, पोरांच्या रांगेत आम्हालाही चॉकलेट भेटलं. त्या रात्री चंद्र अर्धा होता अन् मध्यरात्रीनंतर मावळणार होता, म्हणून अलार्म लावून तीनला उठलो. अंगणातच, कुंपणाच्या आत, खुर्च्या टाकून. तुम्ही जाणार असाल तर पंचांग किंवा कॅलेंडर पाहून अमावस्येच्या आसपासची तारीख धरा, मग संध्याकाळपासूनच दिसतं. आम्ही खेड्यातलेच आहोत, जागलीला शेतात चांदण्या पाहिलेल्या, पण आता आमच्याही गावात हायमास्टचा उंच दिवा लागलाय अन् आकाश कधी पुसट झालं ते लक्षातच आलं नव्हतं. मामाजी सप्तर्षी दाखवत होते, लेक मोबाइल न उघडता ऐकत होती.

२७ ला लांबचा टप्पा. रामटेक, नागपूर बाहेरून, काटोल, वरूड. वरूडला नणंदेकडे मुक्काम, कपडे धुतले, संत्री खाल्ली, गाडीत हवा भरली. असा एक घरचा मुक्काम मधे असलाच पाहिजे, विशेष करून सोबत म्हातारं माणूस असेल तर.

२८ ला मोर्शी, परतवाडा अन् तिथून घटांगच्या घाटाने मेळघाटातलं सेमाडोह. परतवाड्यातच डिझेल फुल्ल करा, एटीएममधून रोख काढा, गोळ्या-औषधं घ्या, पुढे नेटवर्कचा भरवसा नाही. रस्त्यात वननाक्यावर गाडी नंबर अन् वेळ लिहून घेतात, म्हणून दिवसाउजेडी पोचायचं. इथे आम्ही तंबू उघडलाच नाही. सेमाडोह व्याघ्र प्रकल्पाच्या आत येतं, तिथे वनविभागाच्या संकुलातच राहायचं, बुकिंग आधी करून. खोली साधी, स्वच्छ, पांघरुणं कमी पडतात म्हणून आपली न्या.

मेळघाट हा १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊपैकी एक, अन् त्याच्या पोटात गुगामल राष्ट्रीय उद्यान, ३६१ चौरस किलोमीटरचं. सागाचं जंगल, डोंगर, दऱ्या, सिपना नदी. २९ ला सकाळी जिप्सीत गेलो, कोरकू गाइड दादा सोबत, मराठी मोजकंच बोलायचे पण अस्वलाचं उकरलेलं वारूळ अन् गव्याची वाट चालत्या गाडीतून ओळखायचे. वाघ इथे दिसत नाही म्हणून लोक नाराज होऊन जातात असं ते म्हणाले. त्यांनी सागाच्या वठलेल्या फांदीवर बसलेला रानपिंगळा दाखवला, छोट्या घुबडाची जात, एवढासा, पोटाकडून पांढरा, दिवसाढवळ्या बसलेला. हा पक्षी शंभराहून जास्त वर्षं कोणाला दिसला नव्हता, १९९७ मध्ये शहाद्याजवळ परत सापडला, मेळघाटातही नंतर त्याची नोंद झाली. लेकीचे डोळे भरून आले, खरंच. ती आता त्याच विषयात पुढे शिकायचं म्हणतेय आणि तिच्या बाबांनी लगेच होकार दिला.

३० ला अमरावतीवरून घरी. हिशोब असा: डिझेल आठ हजाराच्या आसपास, तिन्ही सफाऱ्या मिळून सोळा, अंगणं अन् खोल्या सहा, खाणंपिणं चार कारण धान्य घरचं होतं, दोन तंबू साडेपाच. पाच माणसांचे चाळीस हजार. दर बदलतात, त्यामुळे बुकिंगच्या वेळी वेबसाइटवर पाहूनच ठरवा. सोबत नक्की न्या: दोन टॉर्च, जास्तीची ताडपत्री, ओळखपत्राच्या दहा-बारा झेरॉक्स, बुकिंगची छापील पानं, वीस लिटरची पाण्याची कॅन, कचऱ्यासाठी गोण्या (कचरा परत गावात आणून टाकायचा), म्हाताऱ्या माणसासाठी दुमडायची खुर्ची.

पावसाळ्यात, १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत, ताडोबाचा मुख्य भाग बंद असतो. मे महिन्यात वाघ जास्त दिसतो असं सगळे सांगतात, पण पंचेचाळीस अंशात तंबूत कोणी झोपू शकत नाही, त्यामुळे तंबू घेऊन जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, अन् अर्ज त्याच्या दीड-दोन महिने आधी पाठवा.